वीज कोणाची? : दिल्लीतील एका वादाचा इतिहास

विजेचा इतिहास बहुधा अभियंत्यांच्या कर्तबगारीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. धरण कोणी बांधले, जनित्र कोठून आणले, पहिला दिवा कोणत्या शहरात लागला, अशा गोष्टींनी त्याची पाने भरलेली असतात. परंतु वीज कोणत्या साधनापासून करावी, ती कोणी करावी आणि कोणाला कोणत्या दराने द्यावी, हे प्रश्न यंत्रशाळेत सुटत नाहीत. ते राजधानीत, समित्यांच्या बैठकांत आणि विधिमंडळातील वादविवादांत सुटतात. पुष्कळदा सुटतही नाहीत. भारतात हा वाद नवी दिल्लीत 1943 ते 1948 या पाच वर्षांत निकराने लढला गेला, आणि त्याच्या दोन टोकांना दोन मराठी माणसे उभी होती. प्रारंभी डॉ. भीमराव आंबेडकर आणि अखेरीस काकासाहेब गाडगीळ.

त्यापूर्वीची स्थिती मोठी विस्कळीत होती. म्हैसूर संस्थानाने 1902 साली शिवसमुद्रम येथील कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली. मुंबई इलाख्यात टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात उतरविले. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, आणि पुढे भिवपुरी व भिरा येथील केंद्रे उभी राहिली. ब्रिटिश प्रांतांत मात्र वीज म्हणजे परवाना मिळालेल्या खासगी कंपनीचा व्यापार. जेथे नफा, तेथे तारा. जेथे नफा नाही, तेथे रॉकेलचा दिवा. खुद्द दिल्लीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. 1905 साली जॉन फ्लेमिंग नावाच्या इंग्रजी कंपनीने लाहोरी दरवाज्यापाशी डिझेलवर चालणारे लहानसे वीजघर काढले. त्याच कंपनीतून पुढे शहराला वीज पुरविणारी व ट्राम चालविणारी कंपनी झाली. 1932 साली मध्यवर्ती वीजघराची व्यवस्था नवी दिल्लीच्या नगरपालिकेकडे आली, आणि 1939 साली आणखी एक स्वतंत्र वीज प्राधिकरण स्थापन झाले. साम्राज्याच्या राजधानीला एवढे कारभारी लागत होते. मग खेड्यापाड्यांचा विचार कोण करणार?

महाराष्ट्राने या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली होती. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, यात वाद नव्हता. परंतु त्या विजेसाठी ज्याच्या भाताची खाचरे पाण्याखाली जात होती, त्या मावळ्याच्या घरी तो दिवा लागणार नव्हता. सत्याग्रह हरला आणि धरण पूर्ण झाले. विजेची किंमत कोण देतो आणि तिचा उपभोग कोण घेतो, हा प्रश्न मात्र मुळशीच्या पाण्यात बुडाला नाही.

1942 च्या जुलै महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. त्या खात्याकडे कामगारांच्या प्रश्नाबरोबरच खाणी, सार्वजनिक बांधकामे, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. महायुद्ध चालू असतानाच युद्धोत्तर पुनर्रचनेचा विचार सुरू झाला आणि सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांसाठी एक धोरणसमिती नेमण्यात आली. 25 ऑक्टोबर 1943 रोजी नवी दिल्लीत भरलेल्या तिच्या बैठकीपुढे आंबेडकरांनी भाषण केले. त्यांनी वादाचे मुद्दे एखाद्या निष्णात वकिलाप्रमाणे मांडले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असल्यास लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? तिच्या विकासाची जबाबदारी मध्यवर्ती सरकारची की प्रांतांची? मध्यवर्ती सरकारची असेल, तर उधळपट्टी टाळून स्वस्त व मुबलक वीज देणारी कारभाराची पद्धत कोणती? आणि प्रांतांची असेल, तर त्यांच्यावर सल्ला देणारे व मेळ घालणारे आंतरप्रांतीय मंडळ असावे काय?

या प्रश्नांमागे एक ठाम विचारसरणी होती. भारतातील शेतीवर माणसांचा भार तिच्या ताकदीबाहेर गेला आहे. तो उतरवायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योगधंदे वाढणार नाहीत. म्हणून वीज हे ध्येय नाही. दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसाला सोडविण्याचे ते साधन आहे. त्यामुळे ‘स्वस्त’ आणि ‘मुबलक’ या दोन शब्दांना त्यांच्या दृष्टीने सामाजिक न्यायाचे मोल होते. महाग वीज पुष्कळ असून गरिबाला उपयोगाची नाही, आणि स्वस्त पण तुटपुंजी वीज वजनदार माणसांच्या दारापर्यंत जाऊनच संपते.

विरोधाची बाजूही दुबळी नव्हती. परवानाधारक कंपन्यांनी स्वतःचे भांडवल घालून हा धंदा उभा केला होता, आणि सरकारी नोकरशाहीला तो चालविता येईल काय, अशी शंका रास्त होती. प्रांतिक सरकारांना आपला अधिकार मध्यवर्ती सरकारकडे जाईल अशी धास्ती होती. 1935 च्या कायद्याने वीज समवर्ती सूचीत घातली होती. म्हणजे कायदा दोघांनाही करता येत होता, कारभार मात्र प्रांतांच्या हाती होता. उद्योगपतींमध्येही एकमत नव्हते. 1944 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबई योजने’त टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृतींनी मूलभूत उद्योगांत विजेला अग्रस्थान दिले आणि सरकारी नियंत्रणाचे तत्त्वही काही प्रमाणात मान्य केले. धोरणसमितीचा कल अखेर असा झाला, की नवी वीज मुख्यतः सरकारी किंवा निमसरकारी उद्योग म्हणून वाढवावी. सरकारला ते वाजवी मुदतीत जमत नसेल तेथे खासगी भांडवलास मज्जाव करू नये.

वीज कोणत्या साधनापासून करावी, हा प्रश्नही याच सुमारास निकडीचा झाला. कोळशाच्या खाणी बंगाल-बिहारकडे, आणि त्यांचा कोळसा रेल्वेने शेकडो मैल वाहून न्यावा लागे. युद्धकाळात तर वाघिणी मिळणेच कठीण. पाण्याची शक्ती फुकट वाहत होती, पण नद्यांना प्रांतांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. 1943 साली दामोदर नदीच्या महापुराने बंगालची दाणादाण उडविली. पूरनियंत्रण, पाटबंधारे आणि वीज ही तिन्ही कामे एकाच योजनेने साधावीत, हा अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा धडा आंबेडकरांच्या खात्याने उचलला. 1944 साली मध्यवर्ती तांत्रिक वीजमंडळ स्थापन झाले, आणि 1945 च्या जानेवारीत कलकत्त्यास बंगाल व बिहारच्या प्रतिनिधींबरोबर दामोदर योजनेची बोलणी झाली.

1946 साली आंबेडकर मंडळातून बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर ते कायदेमंत्री झाले, आणि बांधकामे, खाणी व वीज हे खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगिळांकडे आले. त्या वेळी साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता 1362 मेगावॅट होती आणि दरडोई वार्षिक वापर सुमारे 16 युनिट. अशा तुटपुंज्या शिदोरीवर 1948 हे वर्ष मोठे फलदायी ठरले. गाडगिळांच्या खात्याने दामोदर खोरे महामंडळाचा कायदा करून घेतला, आणि सप्टेंबरमध्ये वीजपुरवठ्याच्या नव्या कायद्यास संमती मिळाली. या कायद्याने प्रत्येक प्रांतात वीजमंडळ आणि देशासाठी केंद्रीय वीज प्राधिकरण यांची तरतूद केली. नगरपालिकेच्या वा छावणीच्या हद्दीत कोंडलेली वीज जोडजाळ्याने सबंध प्रदेशास पुरविता यावी, हा त्याचा गाभा होता. खासगी कंपन्या एकदम खालसा झाल्या नाहीत. त्यांच्या नफ्याला मात्र वाजवी मोबदल्याची मर्यादा पडली. वीजमंडळाने शक्यतो तोट्यात चालू नये, असेही कायद्याने बजावले होते. त्याच वर्षी अणुशक्तीचा कायदा झाला आणि ते साधन मात्र पूर्णपणे केंद्राने आपल्या हाती घेतले. त्यामुळे संविधानात अणुशक्ती केंद्राच्या सूचीत आणि वीज समवर्ती सूचीत, अशी वाटणी कायम झाली.

हा पेच भारताचाच होता असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यातही वीज हा घटकराज्यांचा विषय. व्हिक्टोरिया राज्याने 1921 साली सरकारी वीज आयोग स्थापन केला आणि सर जॉन मोनॅश यांच्या नेतृत्वाखाली तेथील भुऱ्या कोळशावर वीजकेंद्रे उभारली. 1949 साली संघसरकारने स्नोई पर्वतातील प्रचंड जलविद्युत योजना हाती घेतली, तेव्हा संविधानात विजेचा अधिकार नसल्याने संरक्षणाच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. भारतीय संविधानकर्त्यांनी समवर्ती सूचीचा मार्ग पत्करून ही अडचण टाळली. पण समवर्ती याचा अर्थ वाद मिटला असा होत नाही. वाद घालण्याचा हक्क दोघांनाही मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या काळाने याची प्रचीती दिली. 1956 च्या औद्योगिक धोरणाने वीज सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवली. राज्यांच्या मंडळांनी तारा खेड्यांत नेल्या, पंप चालविले. आंबेडकरांच्या दोन शब्दांपैकी ‘स्वस्त’ हा शब्द राजकारण्यांनी विशेष आवडीने उचलला. निवडणुकीच्या तोंडावर दर वाढविण्याचे धैर्य थोड्यांनाच झाले. मंडळे तोट्यात रुतली आणि ‘मुबलक’ हा शब्द मागे पडला. 1991 साली केंद्राने वीजनिर्मिती खासगी व परदेशी भांडवलास खुली केली. 1992 साली महाराष्ट्रात दाभोळसाठी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी बोलणी झाली, केंद्राने प्रतिहमी दिली. 1995 साली राज्यातील नव्या सरकारने करार मोडला, पुन्हा जुळविला, आणि 2001 साली राज्याच्या मंडळाने ती महाग वीज घेणे थांबविले. आयात इंधन, डॉलरमधील किंमत आणि न पेलणारा दर यांनी मुबलकतेची आशाही महाग करून ठेवली.

दिल्लीनेही हेच वर्तुळ पूर्ण केले. 1947 साली जुनी खासगी कंपनी सरकारी प्राधिकरणाने ताब्यात घेतली. 1951 साली गाडगिळांच्या कायद्याखाली राज्य वीजमंडळ झाले. 1958 साली ते काम महानगरपालिकेच्या उपक्रमाकडे गेले आणि 1997 साली पुन्हा मंडळाकडे आले. तोवर पुरविलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्म्या विजेचे पैसे वसूल होत नव्हते. 1 जुलै 2002 रोजी वितरणाचे काम तीन कंपन्यांकडे सोपविण्यात आले आणि त्यांतील 51 टक्के हिस्सा खासगी उद्योगांना मिळाला. वसुली सुधारली, गळती पुष्कळ घटली. परंतु दर किती असावा आणि त्यातले किती सरकारने सोसावे, हा वाद त्यानंतर दिल्लीच्या प्रत्येक निवडणुकीत डोके वर काढू लागला. 2003 च्या नव्या वीज कायद्याने 1948 चा कायदा रद्द झाला.

साधनाचा वादही मिटला नाही. यमुनेच्या काठचे इंद्रप्रस्थ वीजकेंद्र 2009 च्या अखेरीस बंद झाले, राजघाटचे 2015 साली आणि बदरपूरचे 705 मेगावॅटचे केंद्र 15 ऑक्टोबर 2018 रोजी. दिल्लीच्या हवेला कोळशाचा धूर सोसेना, हे त्याचे कारण. शहराने त्याऐवजी नैसर्गिक वायूची केंद्रे उभारली. पण वायूही महाग आणि अपुरा. 2024 च्या जूनमध्ये दिल्लीची कमाल मागणी 8600 मेगावॅटच्या पुढे गेली. ती भागविण्यासाठी पुष्कळशी वीज शहराबाहेरच्या, दूरदूरच्या कोळशाच्या केंद्रांतून येते. दिवे दिल्लीत, राख अन्यत्र. मुळशीचा प्रश्न वेगळ्या रूपाने राजधानीच्या सीमेवर येऊन उभा आहे.

या साऱ्या इतिहासातून सरकारी मालकी श्रेष्ठ की खासगी, असा सोपा निकाल काढता येत नाही. दोन्हींनी काही दिले, दोन्हींनी काही बुडविले. मालकी पुष्कळदा बदलली, साधने बदलली, कायदेही बदलले. 1943 साली मांडलेली कसोटी मात्र जुनी झालेली नाही. कोळसा, पाणी, अणू किंवा सूर्यप्रकाश, साधन कोणतेही असो. ज्याची जमीन, ज्याची हवा आणि ज्याचे श्रम त्यात खर्ची पडतात, त्याच्या घरी ती वीज परवडेल अशा दराने व पुरेशी पोचते काय, हे प्रत्येक सरकारला विचारावे लागेल. ज्या निर्णयात या प्रश्नाचे उत्तर नाही, तो कितीही मेगावॅटचा असला तरी अपुराच.