चातालह्योयुकची जमीन

चातालह्योयुकची भित्तिचित्रे आपण पुस्तकांतून पाहतो; तिथल्या जमिनीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तुर्कस्तानातील या सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत इयन हॉडर यांच्या चमूने (१९९३–२०१८) जमिनीच्या गिलाव्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दक्षिणेकडे, चुलीपाशी, पायांखाली दबलेली राख आणि कोळशाचे कण. उत्तरेकडे चुनखडीयुक्त मातीचा पांढरा, स्वच्छ थर, क्वचित चटईची खूण. त्याच स्वच्छ ओट्यांखाली मृतांना पुरलेले. थरावर थर देत कोणी घरधनीण ही जमीन राखत होती. आमच्याकडे सारवण अजून स्मरणात आहे म्हणूनही असेल, पण रंगवलेल्या बैलापेक्षा ती राख आम्हांला अधिक बोलकी वाटते. अर्थात, गिलावा देणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे खनिजे सांगत नाहीत. ‘घरधनीण’ हा शब्द आमचा.