टकलाची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाटावर बसवून टाळूवर कोमट तेल थापायची, तेव्हा केस ही कधी काळी जायची वस्तू आहे हे आम्हां पोरांच्या ध्यानीमनीही नव्हते. उलट उटणे डोळ्यांत जाते म्हणून आम्ही रडत असू. केसांची किंमत कळायला ते थोडे विरळ व्हावे लागतात. माझे चाळिशीतच कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकले. पण शाळामास्तराला टक्कल शोभते असा समज असल्याने मी तिकडे लक्ष दिले नाही. लक्ष द्यावे लागले ते भाच्यामुळे.

गेल्या वर्षी गणपतीत सव्वीस वर्षांचा हा भाचा आमच्याकडे आला तो डोक्यावरची टोपी काढीचना. आरतीला टोपी, जेवताना टोपी. शेवटी बहिणीने मला माजघरात बोलावून हळूच सांगितले, "दादा, ह्याचे केस मुठीमुठीने जाताहेत. दिवाळीनंतर मुलगी बघायला जायचंय. तालुक्याला केसांचा दवाखाना निघालाय, पण पैसे आधी भरायला सांगतात. मी पाटल्या मोडते म्हणते. तू एकदा त्याच्याबरोबर जाऊन ये."

गेलो. दवाखाना मोठा झकपक होता. भिंतीवर एकाच माणसाची दोन दोन छायाचित्रे : पहिल्यात टक्कल आणि उदास चेहरा, दुसऱ्यात भरगच्च केस आणि हसू. टेबलावरच्या मुलीने एक छापील कार्ड हाती दिले. त्यावर चढत्या दराने उपाय मांडलेले : तेल, बाटलीतले औषध, गोळी, आपलेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला पिवळसर भाग डोक्यात टोचणे आणि सर्वांत शेवटी केसांचे रोपण. आतल्या गृहस्थांनी दोन मिनिटे डोके पाहिले आणि शेवटच्या ओळीवर खूण केली. ताप येऊन गेला का, वडिलांचे केस कसे होते, एका शब्दाने विचारले नाही. वर, आज पैसे भरले तर सवलत! रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण माझा हात आपोआप कापतो. आम्ही उठलो. कार्ड मात्र मी खिशात घालून आणले आणि पुढले पंधरा दिवस त्याच्या एकेका ओळीमागचा इतिहास चाळत बसलो.

पहिली ओळ तेलाची, आणि तीच सर्वांत जुनी. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या काळातला एक वैद्यकीय ग्रंथ सापडला आहे. एबर्स पपायरस म्हणून तो ओळखला जातो. त्यात टकलावर चोळण्यासाठी सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करायला सांगितली आहे. मगरीची चरबी काढायला गेलेल्या माणसाला पुढे केसांची चिंता राहत असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे सुश्रुताने या विकाराला इंद्रलुप्त आणि खालित्य अशी नावे दिली आणि कारणाचाही विचार केला. पित्त वातासह केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते, मग कफ आणि रक्त ती छिद्रे बुजवतात आणि नवा केस येत नाही, अशी त्याची मांडणी. उपाय कडक आहेत : रक्त काढायचे, जागा खरवडायची, वर गुंजेचा लेप द्यायचा. हस्तिदंत जाळून केलेली मषी रसांजनात कालवून लावण्याचा उपायही आपल्या जुन्या ग्रंथांत आहे. माझ्या आजीच्या माका-आवळ्याच्या तेलापर्यंत आल्यावर हे सगळे फारच सौम्य झाले म्हणायचे.

ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिसने एक निरीक्षण नोंदवले : षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. हे वाक्य वाचून मी तिथेच थबकलो, कारण सगळ्या कोड्याची किल्ली त्यात होती आणि ती उचलायला माणसाला तेवीस शतके लागली. तोवर लोक टक्कल झाकण्याच्या मागे होते. ज्युलियस सीझर केस पुढे विंचरून टक्कल लपवी. रोमच्या सभेने दिलेल्या सगळ्या मानांपैकी कायम विजयपत्रांचा मुकुट घालण्याचा मान त्याने सर्वांत आवडीने घेतला, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहितो. माझ्या भाच्याची टोपी त्याच जातीची.

महाराष्ट्रात ही पंचाईत फार उशिरा आली असावी असे माझे मत आहे. डोके भादरलेले, मागे शेंडी, वर पागोटे किंवा पगडी. त्यात टकलाला दिसायला जागाच कुठे होती? इंग्रजी पद्धतीने पुढे केस राखायची चाल आली, पुढे टोपीही गेली, आणि डोके एकदम उघड्यावर पडले. बायकांची कथा निराळी आणि कडू. विधवांचे केस तर जबरदस्तीने काढले जात. मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० साली सभा भरवून असले वपन करणार नाही असा निर्धार केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी होती. केस हा ज्यांच्या पोटाचा धंदा, त्यांनी हे करावे ही साधी गोष्ट नव्हे.

तेलाचा व्यापार मात्र त्या काळात भरभराटला. इंग्लंडात 'मॅकॅसर' तेलाची अशी चलती झाली की खुर्च्यांच्या पाठी डागाळू नयेत म्हणून बायकांना त्यांवर कापडे टाकावी लागली आणि त्या कापडाला तेलाच्याच नावावरून नाव पडले. कलकत्त्यास हेमेंद्रमोहन बसू यांनी आपल्या 'कुंतलीन' तेलासाठी १८९६ साली चक्क कथास्पर्धा काढली. कथेत तेलाचे नाव यावे, पण ती जाहिरात वाटू नये, एवढीच अट. पहिले बक्षीस नाव न देता लिहिलेल्या एका कथेला मिळाले. भर समुद्रात तेलाची बाटली ओतून वादळ शमते अशी ती कथा. लेखक निघाले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू! पुढे १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आम्हां लेखकांच्या कथा आणि केशतेलांच्या जाहिराती अंकात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत, तेव्हा तेलवाल्यांविषयी मी फार वाकडे बोलत नाही.

हिप्पोक्रेटिसची किल्ली उचलली ती अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने. वयात येण्यापूर्वी ज्यांचे पौरुष खुंटले किंवा काढले गेले अशा पुरुषांचा अभ्यास त्याने १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यांच्यात टक्कल नव्हते. पण त्यांना पुरुषी संप्रेरक टोचले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. टोचणे थांबवले की गळती थांबे, गेलेले केस मात्र परत येत नसत. म्हणजे संप्रेरक, वय आणि वंश अशा तिघांचा हा कारभार. तेलाचा त्यात कुठेच संबंध नाही.

मग गोळीची ओळ. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात काही मुले मुली म्हणून वाढत आणि वयात येताना मुलगे होत. १९७४ साली त्यांच्यावर संशोधन प्रसिद्ध झाले. पुरुषी संप्रेरकाचे अधिक तीव्र रूपांतर करणारा एक विकर त्यांच्यात कमी होता. मोठेपणी त्यांना टक्कलही पडत नसे. तो विकर अडवणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ साली प्रोस्टेटच्या गाठीसाठी आणि १९९७ साली, पाचव्या हिश्शाच्या मात्रेत, टकलासाठी अमेरिकेत मान्य झाले. काही पुरुषांना त्याने लैंगिक त्रास होतो आणि गर्भवतीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. लग्नाला निघालेल्या मुलाला हे सांगायला नको काय? कार्डावर त्याचा उल्लेख नव्हता.

बाटलीतले औषध, मिनॉक्सिडिल, हा तर योगायोगाचा प्रसाद. ते मूळचे रक्तदाबासाठी. घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, पाठीवर केस उगवू लागले तेव्हा डॉक्टर चक्रावले. मग ते डोक्याला लावून पाहिले आणि १९८८ साली अमेरिकेत त्या कामासाठी मान्यता मिळाली. सर्वांना गुण येत नाही. सुरुवातीला केस जास्तच गळतात. आणि थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले जाते. हप्ता चुकला की पॉलिसी बुडते, तसा हा प्रकार.

आता ती शेवटची, सर्वांत महाग ओळ. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ साली केसांसह त्वचेचे बारीक तुकडे लावण्याची रीत लिहून ठेवली. युद्धाच्या धामधुमीत ती जगाला कळलीच नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली टकलावर रोपण केले आणि १९५९ साली त्याचे तत्त्व मांडले : मागच्या बाजूचा केस कुठेही लावा, तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. रोपण टिकते ते यामुळेच. पण मागची शेती मर्यादित असते, आणि पुढचे जुने केस गळायचे थांबत नाहीत. सव्वीसाव्या वर्षी घाईने लावले तर मधेच नवे टक्कल पडून लावलेली रांग बेटासारखी उभी राहायची. हे काम कोणी करावे याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली सूचना काढाव्या लागल्या. चित्रफिती पाहून हे शिकता येत नाही, असे त्यांत बजावावे लागले. औषधांच्या नियमांत तर 'जे' नावाचे परिशिष्टच आहे. जे विकार बरे करतो असा दावा औषधाने करू नये, त्यांची ही यादी. तीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणेही आहे. भिंतीवरची ती छायाचित्रे मला पुन्हा आठवली.

एवढे वाचून झाल्यावर भाच्याला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. दोन तास रांग होती. तिथल्या त्वचारोगाच्या बाईंनी आधी विचारले, "गेल्या तीन-चार महिन्यांत आजारी होतास?"

"आषाढात डेंग्यू झाला होता," भाचा म्हणाला.

त्यांनी दोन बोटांत केसांची बट धरून हलकेच ओढली, गळलेल्या केसांची टोके पाहिली, वडिलांविषयी विचारले, रक्त तपासायला लावले. मग समजावून सांगितले : डोक्यावर सुमारे लाखभर केस, त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळायचेच. मोठ्या तापाने पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. ते सहा महिन्यांत आपोआप येतील. कपाळाचे कोपरे मात्र वडिलांकडून आले आहेत. त्यांसाठी बाटलीतले औषध हवे तर लाव, पण निदान सहा महिने लावून मग काय ते ठरव. रोपणाचा विचार आत्ता नको.

आधी कारण पाहावे लागते, हे आपल्या शेगाव तालुक्याने नुकतेच पाहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावांत २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी बायका, मुले, म्हातारे यांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शांपूला, कोणी बुरशीला. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्यात सेलेनियम प्रमाणाबाहेर असल्याचे त्यांच्या तपासणीत आढळले. काही जणांची पुढे नखेही गेली. त्या गावांत कोणी तेलाच्या बाटल्या विकल्या असत्या तर खपल्याही असत्या.

बहिणीने पाटल्या पुन्हा डब्यात ठेवल्या. भाच्याने बाटली आणली आणि मुलगी बघायला जाणे फाल्गुनावर ढकलले; ते मात्र मला पटले नाही आणि मी तसे त्याला सांगितलेही. गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे तो पाटावर बसला तेव्हा टोपी होतीच. बहीण तेलाची वाटी घेऊन मागे उभी राहिली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि तिने तेल घातले.