कुंभाराचे पाते

कुंभार म्हटला की डोळ्यांपुढे चाक उभे राहते. चाकाने तत्त्वचिंतकांना दृष्टान्त पुरवले, संतांना उपमा दिल्या, आणि चाक प्रथम कोठे फिरले यावर इतिहासकारांचे वाद झाले. पण त्या चाकाशेजारी मातीने माखून पडलेल्या वीतभर पात्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. या लेखात आम्ही ती करणार आहोत. आम्ही स्वतः कुंभार नव्हे. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेले कारकून आहोत. परंतु हस्तव्यवसायांची कागदपत्रे हाताखालून जाऊ लागली की माणसाला हत्यारांची ओढ लागते, तशी ती आम्हांस लागली.

प्रथम या पात्याचे काम काय ते सांगितले पाहिजे. चाकावर भांडे घडत असताना त्याचे बूड जाड ठेवावे लागते. नाहीतर वरच्या ओल्या मातीचा भार त्याला पेलत नाही. मग भांडे सावलीत सुकू देतात. माती ओल्या चामड्यासारखी घट्ट झाली, म्हणजे बोट दाबले तर खळगा पडत नाही पण नख ओढले तर रेघ उठते अशी झाली, की भांडे चाकावर पालथे घालायचे आणि फिरत्या भांड्यावर धारदार पाते धरून बुडाची जास्तीची माती तासून काढायची. मातीच्या लांब, नागमोडी सालपटी निघू लागल्या की पाते बरोबर चालले आहे असे समजावे. भुगा पडू लागला तर एकतर माती फार सुकली आहे, नाहीतर धार गेली आहे.

धार जाते, आणि फार लवकर जाते. माती तर मऊ, मग पोलाद का झिजावे? कारण मातीत गारेचे बारीक कण असतात. खनिजांच्या कठीणपणाची मोहस् यांची जी श्रेणी आहे तीत गारेचा क्रमांक ७ आहे आणि साध्या सुरीच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे कुंभार आपले पाते मातीवर चालवतो तेव्हा तो ते एका परीने वाळूच्या कागदावरच घासत असतो. म्हणून या हत्याराचा इतिहास हा मुख्यतः ते कोणी शोधले याचा नाही. त्याला धार कोणी लावायची, याचा आहे.

भारतीय उपखंडात या इतिहासाचा एक फार जुना धागा हाती लागतो. बलुचिस्तानात मेहेरगढजवळ नौशारो येथे झां-फ्रांस्वा जारीज यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच पथकाने उत्खनन केले, त्यात इ. स. पूर्व २५०० च्या सुमाराचा कुंभाराचा एक कारखाना सापडला. तेथे न भाजलेल्या भांड्यांच्या अवशेषांबरोबर चकमकीच्या दगडाची लांबट पाती मिळाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा वृत्तान्त आहे. त्यांच्या कडांवरील झिजेवरून असे दिसले की ती ओली भांडी तासण्यासाठीच वापरलेली होती. मौज अशी की ही दगडी पाती तांब्याच्या टोकाच्या हत्याराने दाब देऊन काढलेली होती. तांबे जवळ असताना कुंभाराने पाते मात्र दगडाचे का वापरले, असा प्रश्न कोणासही पडेल. आम्हांस त्याचे उत्तर वरच्या श्रेणीतच दिसते. तांबे ३ वर, चकमक ७ च्या जवळपास. मातीतल्या गारेशी टक्कर घ्यायला गारेच्याच जातीचा दगड बरा. आणि धार लावायला लोहार नको, भट्टी नको. कड टवकली की पाते पुन्हा तेज. सिंध प्रांतातल्या रोहडीच्या टेकड्यांमधून अशी चकमक त्या काळी दूरवर जात असे.

इतके जुने पाते असूनही आपल्या खेड्यातील कुंभाराच्या हाती मात्र ते ठळकपणे दिसत नाही. त्याच्या हाती असते थापटणे. तेराव्या शतकातील तेरच्या गोरोबाकाकांची ती कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि गोरोबांनी त्याच थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कच्चे-पक्के मडके पारखले. नामदेवांचे मडके कच्चे निघाले. कथेतील भक्तितत्त्व थोर आहेच. आम्हांस येथे एवढेच सांगायचे आहे की लोकांच्या मनात कुंभाराचे खरे हत्यार म्हणून ठसले ते लाकडी थापटणे, पाते नव्हे.

याला काही परदेशी लेखक मागासलेपणा समजले. आमच्या मते तो समज उथळ आहे. माठ किंवा घागर चाकावरून उतरते तेव्हा ती अर्धवटच असते. आतून दगडी किंवा मातीचा गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत कुंभार तिची भिंत पातळ करतो, पोट वाढवतो आणि बूड गोल आणतो. पाते माती काढून टाकते. थापटणे तीच माती पसरवते आणि दाबून घट्ट करते. गोल बूड तीन दगडांच्या चुलीवर बसते, डोक्यावरच्या चुंबळीत बसते, आणि जाळावर सगळीकडून सारखे तापते. त्याच मडक्याला चहाच्या पेल्यासारखे तासलेले कडे काढले असते तर कोपऱ्याशी ते तडकले असते. शिवाय थापटण्याची देखभाल ती केवढी! चिकटू नये म्हणून राख लावायची, झिजले तर दुसरा लाकडाचा तुकडा तासून घ्यायचा. बलुत्याच्या गावगाड्यात लोहाराकडे रोज उठून जाणे कुंभाराला परवडलेही नसते.

पात्याची गरज उत्पन्न होते ती वेगळ्या भांड्याने. ज्याला चकचकीत लुकण द्यायचे, बाराशे-तेराशे अंशांवर भाजायचे आणि सपाट मेजावर ठेवायचे, त्याला बुडाशी स्वच्छ कडे लागते. कड्यावरचे लुकण पुसून काढले नाही तर भांडे भट्टीच्या फळीलाच चिकटून बसते. ही विद्या सर्वांत पुढे गेली ती चीनमध्ये. जिंगदेझेन येथील जेझुइट धर्मोपदेशक द'आंत्रकोल याने १७१२ आणि १७२२ साली लिहिलेल्या पत्रांत, एकेक भांडे सत्तर हातांखालून जाते असे तेथे सांगतात, असे नमूद केले आहे. पुढे १७४३ मध्ये थांग यिंग या अधिकाऱ्याने बादशहाच्या आज्ञेवरून चिनी मातीच्या कामाच्या वीस चित्रांवर स्पष्टीकरणे लिहिली. तो सरकारी नोकरच होता, म्हणून आम्हांस त्याच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते. तासणीविषयी त्याने दिलेली माहिती वाचण्याजोगी आहे. चाकाच्या मधोमध गोल माथ्याचा लाकडी खुंट असतो; भांड्याच्या आतल्या अंगाला ओरखडा उठू नये म्हणून त्याला रेशमाचा कापूस गुंडाळतात; त्यावर भांडे पालथे घालून तासतात. बुडाशी दोन-तीन इंचांचा मातीचा दांडा मुद्दाम ठेवतात, म्हणजे रंगवताना व लुकण देताना धरायला सोपे जाते. शेवटी तोही तासून टाकतात आणि मग बुडावर मुद्रा लिहितात.

एवढी श्रमविभागणी असलेल्या त्या गावात पाते घडवणारा लोहार वेगळा, हे ओघानेच आले. पण धार? ती तासणारा स्वतःच लावतो. कानस त्याच्या हाताशीच असते, आणि भांड्याच्या वळणाप्रमाणे तो पात्याची कड पुनःपुन्हा घासून घेतो. सत्तर हातांत वाटता न आलेले हे एक काम.

दिल्लीत हे पाते नव्याने आले त्याची वाट जपानवरून गेली. सरदार गुरुचरणसिंग मूळचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी. दिल्लीत पठाण वंशातील अब्दुल्ला नावाच्या कुंभाराच्या कामाने ते या व्यवसायाकडे ओढले गेले. १९१९ साली ते जपानला गेले, तेथे बर्नार्ड लीच, हामादा, तोमिमोतो यांच्या सहवासात आले आणि १९२२ मध्ये परतले. पुढे १९५२ साली त्यांनी दिल्ली ब्ल्यू आर्ट पॉटरी स्थापन केली. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९५ मध्ये ते निवर्तले. सुशिक्षित माणसाने चाकावर बसावे ही गोष्ट उत्तर हिंदुस्थानात रूढ होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

जपानी कुंभार तासणीच्या पात्याला कान्ना म्हणतो. सुताराच्या रंध्यालाही तेथे हाच शब्द आहे. ते पाते करायला तसे सोपे. पोलादी पट्टी घ्यायची, दोन्ही टोके काटकोनात वाकवायची, बाहेरच्या अंगाने उतार देऊन कानशीने धार काढायची. आपल्याकडील कलाकुंभार यासाठी मालाच्या पेट्यांना आवळलेली पट्टी वापरतात, किंवा हॅक्सॉचे मोडके पाते. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलतानाच चालवावी. मागे ओढताना उचलावी. वेळ वाचावा म्हणून विजेच्या सहाणेवर धरले तर कड निळी पडेपर्यंत तापवू नये, कारण निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले आणि पुढची धार तासभरही टिकणार नाही. काम झाले की पाते धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावे. तारेच्या फासाची हत्यारे असतात ती दांड्यापाशी झिजून तुटतात. त्यांना नवी तार घालणे हीच त्यांची देखभाल.

जुन्या लोखंडाला दुसरा जन्म देण्याचा सुंदर नमुना जपानमधील ओन्ता गावी आहे. १९५४ साली लीच तेथे राहून आले होते. फिरत्या भांड्यावर लवचीक पाते अशा बेताने धरतात की ते थरथरत उड्या मारते आणि भांड्यावर बारीक टिंबांच्या ओळी उठतात. त्यासाठी ते घड्याळाची जुनी कमान वापरतात.

आता बाजारात टंगस्टन कार्बाइडची पाती आली आहेत. हा पदार्थ १९२० च्या दशकात जर्मनीत कारखान्यांतील धातुकामासाठी निघाला. क्रुप कंपनीने त्याला दिलेल्या विडिया या नावाचा अर्थच हिऱ्यासारखा असा होतो. गारेपेक्षा तो कितीतरी कठीण, म्हणून धार फार काळ टिकते. ज्याला रोज शेकडो पेले तासायचे आहेत त्याने ते अवश्य घ्यावे. जुने तेच सोने असा आमचा हट्ट नाही. पण ते ठिसूळ असते, फरशीवर पडले की टवका उडतो. आणि त्याला कानस लागत नाही. हिऱ्याची चकती लागते. पट्टीचे पाते बोथट झाले तर कुंभार पाच मिनिटांत पुन्हा कामाला लागतो. कार्बाइडचे बोथट झाले तर त्याला दुसऱ्याच्या दुकानाची वाट धरावी लागते, आणि ते दुकान तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. शहरातल्या हौशी कुंभाराला ही अडचण जाणवत नाही. पोट ज्याचे त्यावर आहे त्याला ती जाणवते.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरणाची योजना काढून विजेवरची चाके वाटण्यास आरंभ केला. हाताने काठी फिरवून चाकाला गती देताना खांदे निखळायची पाळी येई, ते कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. चाक सुधारले की तासणीही वाढते, कारण वेगाने आणि एकसारखे फिरणारे चाक पेले, बश्या, दिवे यांच्या कामाला सोयीचे. अशाच धर्तीवर सुधारित हत्यारे देण्याच्या एका प्रस्तावाची यादी मध्यंतरी आमच्या मेजावरून गेली. कोणाकडून आली ते सांगण्याचे कारण नाही. तीत प्रत्येक कारागिरास तासणीची सहा पाती होती, दांडे सागवानी होते, ठेवायला कापडी पिशवीही होती. धार लावायला काही नव्हते. दरडोई खर्च काटेकोर मांडलेला, पण सहाही पाती बोथट झाल्यावर पुढे काय, याचा रकाना कोठे नव्हता.

त्या यादीत दोन बाबी वाढवाव्यात अशी टिपणी आम्ही जोडली : आठ इंची चपटी कानस, नग एक, धार लावायचा दगड, नग एक. टिपणी वर गेली आहे.