प्राचीन चिनी तलवारीची मूठ

तलवारीचें वर्णन करूं लागलें कीं लेखणी प्रथम पात्याकडे धांवते. पात्याची धार, त्याचें पाणी, त्यानें गाजविलेलीं रणें यांचींच कवनें होतात. मुठीचें कवन सहसा कोणी गात नाहीं. तथापि पातें शत्रूसाठीं असतें आणि मूठ धारण करणाऱ्यासाठीं असते. ती सैल बसली, घामानें निसटली किंवा हाताच्या मापाबाहेर गेली, तर उत्तमांतलें उत्तम पातेंहि व्यर्थ होय. प्राचीन चीनमधील कारागिरांनीं ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. म्हणूनच त्यांच्या तलवारींचा इतिहास मुठींवरून वाचणें उद्बोधक ठरतें.

पश्चिम चौ राजांच्या काळांत, म्हणजे इ. स. पू. अकराव्या शतकापासून इ. स. पू. ७७१ पर्यंत, तेथील कांशाची तलवार आखूड व पानासारखी निमुळती असे. युद्धाचा मुख्य भार रथांवर होता. रथी धनुष्य व लांब दांड्याचीं शस्त्रें वापरीत. तलवार अंगाशीं भिडल्यावरच उपयोगी पडे. पात्याच्या मागील चपट्या भागास भोंकें पाडून त्यावर लांकडी मूठ बसवीत. लांकूड कुजतें, बंध तुटतात. त्यामुळें उत्खननांत पातें हातीं लागतें, मूठ बहुधा लागत नाहीं.

पुढें दक्षिणेकडील वू व युए या राज्यांत तलवार विशेष प्रतिष्ठा पावली. तेथें नद्या व दलदली फार. रथ चालविणें कठीण, आणि म्हणून पायदळाचें महत्त्व मोठें. युएचा राजा गौज्येन (राज्यकाल इ. स. पू. ४९६ ते ४६५) याची तलवार १९६५ सालीं हूबै प्रांतांतील एका थडग्यांत म्यानासह सांपडली. तिची एकूण लांबी ५५.७ सेंटिमीटर, त्यांपैकीं मूठ अवघी ८.४ सेंटिमीटर. एका हाताच्या बोटांना जेमतेम पुरेल एवढीच ही जागा. पण ती किती विचारपूर्वक योजिलेली आहे! मूठ गोल असून तिच्यावर दोन उंच कडीं आहेत. त्यांच्या आधारामुळें बोटें जागा सोडीत नाहींत. वरून रेशमी दोरा गुंडाळलेला होता. घामेजलेल्या तळहाताला तो पकड देई. शेवटीं पसरट चकती. हात मागें सरकूं लागला तर ती अडवी. गोल मुठींत एक दोष मात्र असतो. पातें कोणत्या बाजूस वळलें आहे, हें न पाहतां हाताला कळत नाहीं. परंतु ही तलवार, जिला चिनी भाषेंत ज्येन म्हणतात, दुधारी असते. ती हातांत अर्धी फिरली तरी धार समोरच येते, आणि भोसकण्याच्या कामीं तर हा दोष फारसा जाणवतच नाहीं.

या कौशल्यामागें निश्चित नियम होते. ‘खाओ-गुंग-जी’ या प्राचीन शिल्पग्रंथांत तलवार घडविण्याचीं मापें दिलीं आहेत. मुठीचा घेर पात्याच्या रुंदीएवढा असावा आणि तिची लांबी त्या घेराच्या दुप्पट असावी, असें तो ग्रंथ सांगतो. पातें मुठीच्या पांचपट असेल तर तलवार वरच्या प्रतीची, चौपट असेल तर मधल्या, आणि तिप्पट असेल तर खालच्या. या तीन प्रती अनुक्रमें उंच, मध्यम व ठेंगण्या पुरुषांसाठीं होत, असा अर्थ भाष्यकार लावतात. उंचीप्रमाणें पातें वाढतें वा घटतें. मूठ मात्र तीच राहते, कारण मुठीचें माप हातानें ठरतें.

पातें लांबवीत गेलें म्हणजे कोणता प्रसंग ओढवतो, हें छिनच्या राजाला इ. स. पू. २२७ मध्यें अनुभवावें लागलें. पुढें हाच राजा चीनचा पहिला सम्राट झाला. जिंग-ख नांवाचा मारेकरी दूत म्हणून दरबारांत आला आणि नकाशाच्या गुंडाळींत लपविलेला खंजीर घेऊन राजावर धांवला. राजाच्या कमरेला तलवार होती. मूठ हातांतहि आली. परंतु पातें इतकें लांब, कीं तें म्यानांतून निघेना! दरबारांत शस्त्र बाळगण्याची इतरांना मनाई होती. राजा खांबाभोंवतीं पळत सुटला. एका वैद्यानें औषधांची पिशवी मारेकऱ्यावर फेंकली. इतक्यांत, तलवार पाठीवर सरकवा, असा ओरडा झाला. राजानें तसें केलें, तेव्हां कोठें पातें बाहेर आलें आणि प्राण वांचले. इतिहासकार सु-मा छ्येन यानें हा प्रसंग नोंदविला आहे. या राजाच्या समाधीजवळ १९७४ पासून जी मातीच्या सैनिकांची सेना उजेडांत आली, तिच्यासमवेत सांपडलेल्या कांहीं तलवारी ९० सेंटिमीटरांहून अधिक लांब आहेत.

हान राजवंशाच्या काळांत (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) कांशाची जागा लोखंड व पोलाद यांनीं घेतली. लांब पोलादी ज्येनला लांब मुठी आल्या. कांहींवर दोन्ही हातांची पकड बसे. श्रीमंतांच्या तलवारींस यशब पाषाणाच्या चकत्या व पट्ट्या जडवीत. परंतु रणांगणावर हळूहळू दुसऱ्याच शस्त्रानें वर्चस्व मिळविलें. तें म्हणजे दाओ, जाड पाठीचें एकधारी शस्त्र. घोड्यावरून वार करतांना तें सहजासहजीं मोडत नसे. तिच्या मुठीच्या टोंकास साधें लोखंडी कडें असे. जडावाचें नांव नाहीं. लांकूड, वर गुंडाळलेला दोरा आणि शेवटीं हात अडविणारें कडें, एवढाच थाट. पुढें सामान्य सैनिकाच्या हातीं हीच मूठ राहिली.

गौज्येनची तलवार वूहान येथील हूबै प्रांतिक संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. तिची न गंजलेली धार पाहून प्रेक्षक थक्क होतात, आणि तें योग्यच आहे. परंतु धारेवरून एवढेंच समजतें कीं ती कांहीं कापूं शकते. बोटें कोठें बसावीं, हात कोठें थांबावा, हें मुठीवरचीं दोन कडीं सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वीं त्या अनाम कारागिरानें पात्याइतकीच काळजी त्या हाताचीहि घेतली होती.