ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या व सासष्टींतील भाविकांचा नित्यपाठ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बराच भाग त्या ग्रंथाच्या भाषेसंबंधीं आहे. एका इंग्रज पाद्र्यानें केलेली मराठीची स्तुति वाचून आपणांस अभिमान वाटतो, व तो वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु जुन्या पोथ्या जमविणाऱ्यास आणखीही एक प्रश्न पडतो. ही पोथी कोण वाचीत असे, केव्हां वाचीत असे, आणि वाचणाऱ्याच्या दिनक्रमांत तिचें स्थान कोणतें होतें? ख्रिस्तपुराण हें कॅथॉलिक समाजाच्या चालू उपासनेचें साधन होतें, आणि त्याच्या प्रतींचा इतिहास या उपयोगावरूनच उलगडतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतला. तो १५७५ सालीं रोम येथें येशू संघांत दाखल झाला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला. १६१९ सालीं तो वारला. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें सासष्टी महालांत घालविला. हा महाल त्या वेळीं शांत नव्हता. गोव्यांत धर्मन्यायसभा १५६० सालीं स्थापन झाली होती. सासष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडण्यांत आलीं, आणि हिंदूंचे धर्मग्रंथ बाळगण्यास व वाचण्यास बंदी झाली. ज्यांनीं धर्म बदलला त्यांतील कोणी श्रद्धेनें बदलला, कोणी भयानें, कोणी लाभासाठीं. या तिघांच्याही घरांतून एक वस्तु मात्र सारखीच नाहींशी झाली, ती म्हणजे संध्याकाळीं वाचावयाची पोथी.

ख्रिस्तपुराणाचा उगम या रिकाम्या जागेंतच आहे, आणि तसें तो ग्रंथ स्वतःच सांगतो. मुलांस धर्मशिक्षण चालू असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो कीं, आपण शिकवितां तें उत्तम आहे, परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण आम्हांस कां देत नाहीं? हा प्रसंग जसाच्या तसा घडला असो वा कवीनें योजिला असो, त्यांतील मागणी खरी आहे. देवळांतील उपदेशानें बुद्धीचें समाधान झालें तरी पुराण ऐकण्याची कानाची संवय तशीच राहिली होती. धर्म पालटला, पण दिवस मावळल्यावर कोणीतरी वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें ही रीति पालटली नव्हती.

स्टीफन्सनें या संवयीस मान दिला. ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या काळापर्यंतची कथा असून तिचे ३६ अवस्वर आहेत. दुसऱ्यांत येशूचें चरित्र असून तें ५९ अवस्वरांत सांगितलें आहे. ओव्यांची एकूण संख्या सुमारें अकरा हजार भरते. भाषा मराठी, पण सामान्य श्रोत्यांस समजावी म्हणून तींत तेथील ब्राह्मणी बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असें कवीनें गद्य प्रस्तावनेंत स्वतःच म्हटलें आहे. म्हणजे ग्रंथ लिहितांना त्याच्यापुढें ऐकणारें माणूस होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६४ सालीं जी निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली, तिच्या नियमांनीं लोकभाषेंतील बायबल वाचण्यावर कडक निर्बंध घातले. मराठींत बायबलाचा भाग छापला गेला तो थेट १८०५ सालीं, तोही श्रीरामपूरच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून. तोंपर्यंतच्या पावणेदोनशेंहून अधिक वर्षांत सासष्टींतील शेतकऱ्याच्या वा गांवकराच्या कानीं नोहाची नौका, मोशेच्या आज्ञा आणि काना गांवचें लग्न आपल्या भाषेंत सविस्तर पडलें असेल, तर तें मुख्यतः अशा पुराणांतून. लॅटिन शास्त्र वेदीवर राहिलें. त्याचा अर्थ ओवीच्या वाटेनें लोकांपर्यंत आला.

पुराणाच्या जोडीस दुसरें एक लहान पुस्तक ठेवून पाहिलें म्हणजे चित्र पुरें होतें. मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवरून स्टीफन्सनें कोंकणींत रचलेली ‘दौत्रिना’ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली. क्रुसाची खूण कशी करावी, आमच्या बापा ही प्रार्थना, मरियेचें नमन, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सात संस्कार आणि दयेचीं कृत्यें हा तिचा विषय. दौत्रिना पाठ करावयाची, पुराण ऐकावयाचें. एक जिभेवर, दुसरें कानांत. दयेच्या कृत्यांत भुकेल्यास अन्न देणें व मेलेल्यास मूठमाती देणें येतें, म्हणजे पाठांतर संपतें तेथें शेजाऱ्याचें दार लागतें. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सायंकाळीं ‘तेर्स’ म्हणून झाल्यावर मुलांनीं वडीलमाणसांचें ‘बेसांव’ घेण्याची जी चाल आहे, तींतही प्रार्थना व घरची रीत यांची अशीच सांगड दिसते. शब्द पोर्तुगीजांतून आले, पण सांजवात झाल्यावर वडिलांच्या पायां पडण्याची रीत या भूमीला नवी नव्हती.

आतां प्रतींकडे वळूं. पुराण छापावयाचें तर देवनागरी खिळे नव्हते. ते पाडून घेण्याची स्टीफन्सची खटपट होती, परंतु ती सफल झाली नाहीं, व ग्रंथ रोमन लिपींत निघाला. पहिली आवृत्ति १६१६ सालीं, पुढील दोन १६४९ व १६५४ सालीं. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या, हें त्या काळच्या मानानें मागणीचें बळकट प्रमाण होय. असें असून या तिन्हींपैकीं एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. दौत्रिनेची प्रत मात्र लिस्बन येथें राहिली, व तिच्यावरून मारियानु सालदान्य यांनीं १९४५ सालीं प्रतिमुद्रण काढलें.

याचें कारण काय असावें? एक कारण राजकीय. १६८४ सालीं व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर यानें हुकूम काढून देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागण्यास रयतेस फर्माविलें. ज्या राज्यानें या भाषांत ग्रंथ छापूं दिले, त्याच राज्यानें त्या भाषाच टाकावयास सांगितल्या. यापुढें पुराणाची चौथी आवृत्ति निघाली नाहीं. दुसरें कारण, माझ्या मतें, वापराचें आहे. दौत्रिनेची प्रत दूर लिस्बनच्या ग्रंथालयांत वांचली. पुराणाच्या प्रती लोकांच्या हातीं, दमट हवेंत आणि दिव्याच्या काजळींत राहिल्या. जो ग्रंथ वारंवार उघडला जातो तो झिजतो, आणि झिजला म्हणजे त्याची नक्कल करावी लागते. म्हणून छापील पुस्तकांचीं हस्तलिखितें झालीं. मुद्रणाकडून लेखनाकडे असा हा उलटा प्रवास ज्या ग्रंथाचा झाला, तो कोणास तरी अत्यंत हवा होता, यांत शंका नाहीं.

या नकलांनींच ग्रंथ तारला. गोव्यांतून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनीं त्या कानडा प्रांतांत नेल्या, व तेथील प्रतींच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति प्रसिद्ध केली. टिपू सुलतानानें १७८४ सालीं कानड्यांतील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास नेऊन ठेविलें व त्यांची सुटका १७९९ सालीं झाली. त्या बंदिवासांत पाद्री नसतां या पुराणाच्या वाचनानें त्यांनीं धीर धरिला, अशी तिकडे परंपरा आहे. परंपरा म्हणूनच ती येथें नमूद करितों. तथापि ज्या लोकांजवळ वेदी नाहीं त्यांस पोथीच देऊळ होते, हें महाराष्ट्रांतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

देवनागरीचा धागा वेगळाच निघाला. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्या शाळेंत गेलेल्या देवनागरी प्रतीकडे जस्टिन अॅबट यांनीं १९२३ सालीं विद्वानांचें लक्ष वेधलें. रोमन प्रतींत जेथें धर्मविधींचे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द आहेत, तेथें या प्रतींत अनेक ठिकाणीं संस्कृत वळणाचे शब्द येतात. हीच मूळ संहिता असें अॅबट यांचें मत पडलें. ती मागाहून केलेली संस्कृतप्रचुर प्रत असावी असें दुसऱ्यांचें मत आहे. या वादाचा निकाल लागो न लागो, एवढें खरें कीं एकच प्रार्थना दोन वेषांत नांदत होती, आणि दोन्ही वेष कोणा तरी वाचकाच्या सोयीसाठीं शिवलेले होते. उत्तर कोंकणांत फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांयश याचें १६५९ सालचें दुःखसहनाचें पुराण असेंच वसई-मुंबईकडील ख्रिस्ती लोकांत उपवासकाळीं गायिलें जाई.

असो. संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. जुन्या ख्रिस्ती घरांतून अशी पोथी हातीं आली तर पाठभेदांबरोबर तिचा देहही तपासावा. मेणाचे डाग कोणत्या अवस्वरावर दाट आहेत, कोणतीं पानें दुसऱ्या हातानें लिहून बसविलीं आहेत, समासांत वाराच्या अथवा सणाच्या खुणा आहेत काय, हें सारें टिपून ठेवावें. आणि घराच्या संमतीनें गांवाची नोंद करावी. पोथी नव्यानें बांधतांना हे डाग धुऊन व हे समास कापून टाकण्याचा मोह टाळावा. अक्षरें दुसऱ्या प्रतींतही सांपडतील. परंतु एका कुटुंबानें पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या पानावर हात ठेवून प्रार्थना केली, याचा लेख त्या एकाच पोथींत असतो, व तो गेला म्हणजे त्याची नक्कल कोठेंही मिळत नाहीं.