‘डबल इन्डेम्निटी’ची अखेर : एक पाठविचार

अमेरिकन चित्रसंस्थांनी दिग्दर्शकाच्या कृतीचा शेवट बदलल्याच्या कथा विपुल आहेत. त्यांत दिग्दर्शक पीडित आणि संस्था अपराधी, अशी वाटणी बहुधा आधीच झालेली असते. काही प्रकरणी ती यथार्थही आहे. ऑर्सन वेल्स ब्राझीलमध्ये असताना त्याच्या ‘द मॅग्निफिसन्ट अ‍ॅम्बरसन्स’ (१९४२) ह्या चित्रपटाचा शेवट आरकेओ संस्थेने दुसऱ्यांकडून नव्याने चित्रित करविला. तथापि फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये ज्या चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ ही संज्ञा दिली, त्यांपैकी बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’स (१९४४) ही वाटणी लागू पडत नाही.

जेम्स एम. केन याची मूळ कथा १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. विमाविक्रेता आणि त्याची प्रेयसी संगनमताने तिच्या पतीचा खून करतात व अखेरीस जहाजावरून समुद्रात उडी घेण्याचे ठरवितात, असा तिचा शेवट आहे. १९३० मध्ये स्वीकृत झालेल्या आणि १९३४ पासून कठोरपणे अंमलात आलेल्या निर्मितिसंहितेला असा शेवट मान्य होण्याजोगा नव्हता. कारण आत्महत्या म्हणजे न्यायदंडातून पलायन. संहिता-कार्यालयाचे प्रमुख जोसेफ ब्रीन यांनी १९३५ मध्येच ह्या कथेविरुद्ध अभिप्राय दिला होता, आणि पुढे काही वर्षे कोणत्याही संस्थेने तिला हात लावला नाही.

१९४३ मध्ये पॅरामाउंटसाठी वाइल्डर आणि रेमंड चॅन्डलर यांनी पटकथा रचली, तेव्हा आत्महत्येच्या जागी देहदंड आला. नायक नेफ याला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिला जात आहे आणि त्याचा सहकारी कीज ते पाहत आहे, असे दृश्य मोठ्या खर्चाने चित्रितही झाले. गुन्ह्यास शासन झालेच पाहिजे, ह्या संहितेच्या आग्रहाशी ते सुसंगत होते. परंतु ब्रीन यांनी देहदंडाचे तपशील अतिभीषण असल्याचा आक्षेप घेतला. संहितेला दंड हवा होता. दंडाचे दर्शन नको होते.

दृश्य वगळले गेले ते मात्र केवळ ह्या आक्षेपामुळे, असे म्हणता येत नाही. ही गोष्ट मुळात दोन पुरुषांमधील स्नेहाची असून ती त्याआधीच पूर्ण झाली होती, असे स्पष्टीकरण वाइल्डरने पुढे दिले. चित्रपटाचा पुरावा त्यास अनुकूल आहे. कथाभर नेफ हा कीजची चुरूट पेटवून देत असतो. अखेरीस जखमी नेफच्या सिगारेटला काडी लावतो तो कीज. ह्या उलटापालटीनंतर वधकोठडीला सांगण्यासारखे काही उरत नाही. आज त्या दृश्याची केवळ स्थिरचित्रे पाहावयास मिळतात.

त्याच वर्षीच्या फ्रिट्झ लँगच्या ‘द वुमन इन द विन्डो’ची तुलना येथे उद्बोधक ठरते. त्याच्या आधारभूत कादंबरीतील प्राध्यापक आत्महत्या करतो. चित्रपटात मात्र सारा प्रकार स्वप्न ठरतो. ही संहितेपुढील शरणागती, असे सहज वाटते. परंतु पटकथाकार व निर्माता नन्नली जॉन्सन यालाच स्वप्नाची योजना अप्रिय होती आणि दिग्दर्शक लँग तिचे समर्थन करीत राहिला.

यावरून ‘हस्तक्षेप’ ही संज्ञा किती सावधपणे वापरावी लागते हे दिसते. निषेध, सूचना, व्यावसायिक हिशोब आणि कलावंताचा स्वतःचा निर्णय हे चार निराळे हात आहेत. एकाच शेवटावर त्या चौघांचे ठसे असू शकतात. १९६८ मध्ये संहिता रद्द झाली. त्यापूर्वीच्या चित्रपटांचा ‘मूळ’ शेवट शोधताना मूळ तेच श्रेष्ठ, हे गृहीत धरणे हस्तलिखितांच्या अभ्यासकासही परवडत नाही. पाठभेद कोणी केला, ह्याबरोबरच त्याने कृतीचा अर्थ कोठे नेला हेही तपासावे लागते. ‘डबल इन्डेम्निटी’त गाळलेल्या पाठापेक्षा राखलेला पाठच अधिक निष्ठुर आहे : शासन पडद्यामागे राहते आणि मित्राचा विश्वासघात तेवढा समोर उरतो.