बदलीवाल्यांचा रविवार

गिरणीत बदलीवाला म्हणजे कोण, हे आता लालबाग-परळच्या पोरांनाही समजावून सांगावं लागतं. कायम कामगाराने खाडा केला की त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदलीवाला. काम लागलं तर दिवस भरला, नाही लागलं तर घरी. उद्या पुन्हा फाटकावर. ऐन मिसरूड फुटताना बदलीवर लागलेली आणि टक्कल पडलं तरी बदलीवरच असलेली माणसं मी पाहिली आहेत.

पाहिली म्हणजे जेवू घातली. माझी आई परळला चाळीतल्या दोन खोल्यांत खानावळ चालवायची. जेवणारे बहुतेक आमच्याच मुलखातले, सावंतवाडी-कुडाळकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. आईला सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून उधारीची वही माझ्याकडे. गिरणगावाचा इतिहास मला आधी त्या वहीतून कळला, पुस्तकांतून फार नंतर.

हल्ली गिरणगावाबद्दल लिहिणारे एक वाक्य हटकून लिहितात: एवढे हाल, तरी माणसं किती हसतमुख! होती हसतमुख, नाही कोण म्हणतं? पण हे वाक्य अशा सुरात लिहिलेलं असतं, जणू हसू कोकणातून येताना ट्रंकेत भरून आणलं होतं. त्या हसण्याला खर्च येत असे आणि तो कुणीतरी भागवत असे.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली, तिथून मुंबईतला हा धंदा सुरू होतो. माणसं घेण्याचं काम जॉबरकडे. रोज फाटकावर कुणाला आत घ्यायचं हे तो ठरवी, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय ते ठरत नसे. 1935 मध्ये गिरणी मालक संघाने बदलीची कार्डं सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी यामुळे आटोक्यात यावी असा हेतू. थोडी आली असेल. ताटकळणं मात्र होतं तसंच राहिलं, फक्त आता त्याला कार्ड होतं.

पहिली पाळी सातची. आठच्या सुमारास जो आमच्या दारात दिसे, त्याला आई काही विचारत नसे. ताट वाढायची. सांत्वन नाही, ‘उद्या लागेल’ नाही. तोच मग आपणहून सांगायला लागे, की आज साचाखात्यात सगळे कसे ठणठणीत आहेत, एकाचंही डोकं दुखत नाही, देव या माणसांना इतकी तब्येत कशाला देतो. आणि बाकीचे हसत. दुसऱ्याच्या खाड्यावर ज्याचं पोट, त्याचे विनोद असेच असायचे.

यातला खरा पेच गणपतीत पडे. कोकणातले कायम कामगार गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारच. मुकादमाने डोळे वटारले तरी जाणार. म्हणजे बदलीवाल्याला रोज हमखास काम मिळायचे दिवस नेमके तेच. पण बदलीवालाही कोकणातलाच, त्याच्याही घरात गणपती. साताऱ्याकडच्या बदलीवाल्यांची त्या दिवसांत चंगळ, आणि त्यांच्या गावच्या जत्रा आल्या की आमच्यांची. कोण कधी गावी जाणार याचा हिशोब बदलीवाल्यांना पंचांगापेक्षा पक्का पाठ असे. आमच्याकडचे दोघे भाऊ आळीपाळीने गणपतीला जात. जो मुंबईत राही तो आठवडाभर कुणाशी बोलत नसे. पैसे मात्र त्याच आठवड्यात सुटत.

मग हसायचे कधी? मुख्यतः रविवारी. आणि रविवारची सुट्टी काही गिरणीबरोबर आली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, मांडवीच्या गिरणीत भांडारपाल राहिलेला माणूस, महात्मा फुल्यांचा सहकारी, ‘दीनबंधू’चा संपादक. त्यांनी 1884 च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. तिथल्या मागण्यांच्या अर्जावर 5,500 कामगारांनी नावं घातली. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. हे मागणं, म्हणजे त्या काळी याहून वाईट चाललं होतं. रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 पासून. पगाराच्या तारखेला कायद्याचा आधार मिळायला तर 1936 उजाडावं लागलं. मोठ्या कारखान्यांना त्या कायद्याने 10 तारखेच्या आत पगार देणं भाग पडलं.

मला या दोन तारखा फार महत्त्वाच्या वाटतात. रविवार नसता तर चाळीतली डबलबारी नसती. दोन बुवा समोरासमोर, एकाने भजनातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने पखवाजाच्या साथीत तो परतवायचा, आणि आठवडाभर फाटकावरून परत फिरलेला माणूस तिथे झांज घेऊन पहिल्या रांगेत. आणि दहा तारीख पक्की नसती तर आईने उधारी कशाच्या भरवशावर दिली असती? मागच्या पिढीने कुरकुर केली, अर्जावर अंगठे उठवले, म्हणून पुढच्या पिढीला हसायला एक संध्याकाळ मिळाली. ‘तक्रार करू नका, आनंदी राहा’ असं सांगणाऱ्यांना हा क्रम उलटा दिसत असावा.

आईचं स्वतःचं काय? तांदूळ-मसाल्याला ती सावकाराकडून कर्ज काढी, व्याज ऐकून पोटात गोळा येई. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खानावळवाल्या बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. आई त्यात गेली. त्यानंतर ती स्वयंपाक करताना गुणगुणू लागली, असं म्हणायचा मोह होतो, पण ती कधीच गुणगुणत नसे. झोप मात्र लागू लागली.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. बदलीवाल्यांना कायम करा, ही त्यातली एक मागणी. पहिले काही दिवस खानावळीत लग्नघराचा उत्साह होता. मग कायम असलेल्यांचे चेहरे उतरायला लागले. आमच्याकडचा सर्वांत जुना बदलीवाला मात्र मजेत. आईला म्हणाला, ‘‘वयनी, आमचो संप रोजचोच. आता कायमवाल्यांका कळात.’’

आईने त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, ‘‘कळूं दे. संप मिटलो काय मागचे पैसे दी.’’

तो कबूल झाला. पावसाळ्यात गावी गेला तो परतला नाही. वहीतलं त्याचं पान तसंच आहे. आणि संप तर अधिकृतपणे आजतागायत कुणी मागे घेतलेला नाही, तेव्हा बोलीप्रमाणे त्याची उधारी अजून द्यायची झालेलीच नाही.